‘ऐका दाजीबा’ : एका नृत्यगीतातील संबोधनाचा विचार

लोकप्रिय गाण्यांचा अभ्यास भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावा काय, हा प्रश्न प्रबंधाचे विषय ठरविताना वारंवार उपस्थित होतो. जुनी लावणी, ओवी अथवा पोवाडा अभ्यासाला योग्य आणि कालपरवाचे नाचाचे गाणे मात्र अयोग्य, अशी एक अलिखित विभागणी आपण मनाशी करून ठेवली आहे. या विभागणीस वाङ्मयीन अभिरुचीचा आधार असेल, भाषाशास्त्राचा नाही. भाषा कशी चालते एवढेच ज्याला पाहावयाचे आहे, त्याने लोकांच्या तोंडी बसलेले वाक्य कोठून आले याची चौकशी करण्यापूर्वी ते तोंडी का बसले हे विचारले पाहिजे. प्रस्तुत लेखात अशाच एका गीताचा विचार करावयाचा आहे. तोही संपूर्ण गीताचा नव्हे, तर त्याच्या शीर्षकातील अवघ्या दोन शब्दांचा. हे दोन शब्द म्हणजे ‘ऐका दाजीबा’.

१

वैशाली सामंत यांनी गायिलेले आणि अवधूत गुप्ते यांनी संगीतबद्ध केलेले हे गीत २००२ साली ‘सागरिका’ या संस्थेने त्याच नावाच्या संग्रहात प्रसिद्ध केले. त्याची चित्रफीतही निघाली व तीत मिलिंद गुणाजी आणि इशिता अरुण यांनी भूमिका केल्या. पाश्चात्त्य बाजारात ‘सिंगल’ म्हणजे स्वतंत्रपणे विकली जाणारी एका गाण्याची तबकडी. आपल्याकडे तशी विक्री त्या काळी फारशी रूढ नव्हती. संग्रह विकला जाई तो ध्वनिफितीच्या वा तबकडीच्या रूपाने. परंतु एकट्या गाण्याचा प्रवास होई तो दूरचित्रवाणीवरील चित्रफितीमधून. म्हणून ‘सिंगल’ ही संज्ञा येथे एकट्याने प्रसारित झालेले गीत, या अर्थी घ्यावयाची आहे.

या गीतामागे सुमारे दहा वर्षांची पार्श्वभूमी आहे. उपग्रहवाहिन्या सुरू झाल्यानंतर चित्रपटाबाहेरच्या गाण्याला प्रथमच दृश्य रूप मिळाले. अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदी यांचे ‘बोलो ता रा रा’ ही दोन्ही १९९५ सालची गाणी या नव्या प्रकाराची ठळक उदाहरणे होत. मराठीत १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ ही वाहिनी सुरू झाली आणि मराठी गाण्यालाही तशी जागा मिळाली. ‘ऐका दाजीबा’ हे या परिस्थितीतून आलेले गीत होय. त्याचे वैशिष्ट्य असे की, ते मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचले. गायिका व संगीतकार या दोघांनाही पुढे घरोघरी ओळख मिळाली. २००८–०९ मध्ये ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ या कार्यक्रमाच्या परीक्षकांच्या आसनावर दोघे शेजारी शेजारी बसलेले महाराष्ट्राने पाहिले.

प्रश्न असा की, ज्यांना मराठी येत नव्हते त्यांच्यापर्यंत या दोन शब्दांतले नेमके काय पोहोचले, आणि काय मागे राहिले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी या दोन शब्दांत मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे.

२

पहिला शब्द ‘ऐका’. हे ‘ऐक’ या धातूचे आज्ञार्थी द्वितीयपुरुषी अनेकवचन आहे. जुन्या मराठीत याच धातूचे ‘आइक’ असे रूप सर्रास आढळते. येथे ऐकणारा एकच आहे. तेव्हा हे अनेकवचन संख्येचे नसून आदराचे आहे, हे उघड आहे. परंतु हा आदर वाक्यात कोठे बसला आहे तेही पाहण्यासारखे आहे. मराठीत खरोखरीच अनेकांना हाक मारावयाची असेल, तर नामाला ‘-नो’ हा प्रत्यय लागतो : मुलांनो, लोकांनो. आदरार्थी अनेकवचनात तसे होत नाही. ‘ऐका दाजीबा’ या वाक्यात क्रियापद अनेकवचनी असून संबोधन मात्र एकवचनी आहे. एक माणूस आणि त्याचा मान, या दोन गोष्टी मराठीने दोन वेगवेगळ्या शब्दांत वाटून दिल्या आहेत. ‘दाजीबांनो’ म्हटले की मान तसाच राहतो, पण माणसे वाढतात.

आता शब्दांचा क्रम पाहू. नित्याच्या बोलण्यात आपण बहुधा आधी हाक मारतो व मग सांगतो : ‘दाजी, ऐका.’ ज्याचे लक्ष अद्याप आपल्याकडे नाही त्याला प्रथम नावाने वळवून घेणे स्वाभाविक आहे. येथे क्रम उलटा आहे. आज्ञा आधी, हाक नंतर. हा उलटा क्रम अपरिचित मात्र नाही. श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या व्रतांच्या कहाण्या याच रचनेने सुरू होतात : प्रथम ‘ऐका’, मग ज्या देवतेची कहाणी तिचे संबोधन. कीर्तनकार आणि शाहीर हेही श्रोत्यांना याच आज्ञार्थाने सावध करतात. ‘ऐका’ हा शब्द वाक्यारंभी आला की आता काहीतरी सांगितले जाणार आहे, म्हणजे साधे संभाषण संपून प्रयोग सुरू होत आहे, असे मराठी कानाला शेकडो वर्षांच्या सवयीने कळते. तेव्हा या नृत्यगीताचे शीर्षक व्रतकथेच्या आरंभाशी रचनेने सख्खे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. गीतकर्त्याने ते जाणून योजिले की नाही, हा प्रश्न गौण आहे. भाषेतील साचे जाणिवेची वाट पाहात नाहीत.

रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेची सहा कार्ये सांगितली आणि त्यांतील श्रोत्यावर रोखलेल्या कार्याचे सर्वांत शुद्ध व्याकरणिक रूप संबोधन आणि आज्ञार्थ यांत दिसते, असे प्रतिपादन केले. आपल्या दोन शब्दांत दुसरे काहीच नाही. कर्ता नाही, कर्म नाही, विधान नाही. म्हणून खरे अथवा खोटे ठरण्याजोगेही काही नाही. केवळ आज्ञा आहे आणि हाक आहे.

३

दुसरा शब्द ‘दाजीबा’. देशावर, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, बहिणीच्या नवऱ्याला ‘दाजी’ म्हणतात. पुरुषाचे विशेषनाम म्हणूनही ‘दाजीबा’ परिचित आहे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दाजीबा देसाई यांचे नाव या ठिकाणी सहज आठवेल. नात्याचा शब्द विशेषनाम होणे ही मराठीत नवलाची गोष्ट नाही : दादा, आबा, भाऊ, काका ही सर्व या वाटेने गेलेली नावे आहेत.

शेवटचा ‘बा’ अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. विठोबा, खंडोबा, म्हसोबा हे देव. ज्ञानोबा, तुकोबा हे संत. आजोबा हे घरातले वडील. या सर्वांना तो लागतो. साधारणतः पूर्वपद अकारान्त वा आकारान्त असेल तर मध्ये ‘ओ’ येतो. इकारान्त वा ईकारान्त असेल तर ते बहुधा तसेच राहते. म्हणून आजा–आजोबा, दादा–दादोबा, परंतु जोतिबा आणि दाजीबा. १८३६ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंगांच्या नावातच या प्रत्ययाचे उदाहरण वसले आहे, ही मौजेची गोष्ट होय. पण हाच ‘बा’ वाघोबा, कोल्होबा, नागोबा आणि चांदोबा यांनाही लागतो. तेथे आदर आहे, पण तो लटका, लहान मुलांना हसविणारा. थोडक्यात, ‘बा’ हा प्रत्यय भीती, भक्ती, माया आणि थट्टा या सर्वांना एकाच वेळी सामावून घेतो; यांपैकी कोणता भाव प्रस्तुत आहे, हे प्रसंगावरून ठरते.

‘दाजी’ या शब्दात ‘जी’मुळे ऐकणाऱ्याला आदराचा भास होतोच, त्यावर ‘बा’ चढतो, आणि आधीच्या क्रियापदात आदरार्थी अनेकवचन आहेच. अवघ्या दोन शब्दांत आदराची ही तीन आवरणे झाली. एवढा आदर एकत्र आला की ऐकणाऱ्याला शंका येऊ लागते आणि ती योग्यच असते. मराठीत अति आदर हे थट्टेचे पहिले लक्षण आहे.

४

ही थट्टा व्याकरणातून उगवत नाही. ती नात्यातून येते. मेहुणी आणि दाजी यांच्यातील चेष्टामस्करीला मराठी समाजात परवानगी आहे, एवढेच नव्हे तर ती अपेक्षित आहे. लग्नघरात मेहुणीने दाजींची खोडी काढली नाही तर घर मुके वाटते. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये अशा ‘थट्टेच्या नात्यां’चे विवेचन केले होते. एकाने चिडवावे आणि दुसऱ्याने राग मानू नये, असा त्यांचा नियम असतो. विवाहामुळे जवळ आलेल्या, तरीही पूर्णपणे एक न झालेल्या दोन घरांमधील ताण अशा थट्टेतून सुसह्य होतो, असा त्या विवेचनाचा रोख आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतीय आप्तव्यवस्थेचे जे विभाग पाडले, त्यांत महाराष्ट्र मध्य विभागात येतो. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील रीती येथे एकमेकींना भेटतात. मामेबहिणीशी विवाह अनेक जातींत मान्य असल्याने, ज्याला दाजी म्हणावयाचे तो पुष्कळदा मुळातच आप्त असतो. म्हणजे परकेपणा कमी, परंतु मान मात्र जावयाचा.

येथेच ‘ऐका’मधील अनेकवचनाचे खरे मोल कळते. ब्राउन आणि गिल्मन यांनी १९६० मध्ये सर्वनामांचा विचार सत्ता आणि सलगी अशा दोन अक्षांवर मांडला. त्या मांडणीप्रमाणे ‘तुम्ही’ हे अंतर दाखविते आणि ‘तू’ हे जवळीक. परंतु मेहुणीचे बोलणे या दोन टोकांपैकी कोठेच बसत नाही. ती ‘तुम्ही’ म्हणते आणि सलगी करते. रूप अंतराचे, आशय सलगीचा. थट्टेला धार येते ती या विसंगतीमुळे. ती जर ‘ऐक रे’ म्हणाली तर मान मोडेल आणि थट्टाही मोडेल. कारण जेथे ओलांडावयाचा उंबरठा नाही तेथे ओलांडण्याची गंमत नाही.

लावणीने ही युक्ती फार पूर्वीच आत्मसात केली होती. राया, पाव्हणं, कारभारी, दाजी अशी लावणीतील संबोधने सभेतल्या अनोळखी पुरुषाला क्षणभर एखाद्या नात्यात आणून बसवितात. प्रत्येक संबोधन वेगळे नाते देते आणि त्याबरोबर गाणाऱ्या स्त्रीला वेगळी मुभा देते. पाहुण्याला आग्रह करता येतो, कारभाऱ्याकडे हट्ट करता येतो, दाजींची फिरकी घेता येते. व्यवहारात ज्या सभेत सत्ता ऐकणाऱ्या पुरुषाकडे होती, त्या सभेत गाणारी स्त्री संबोधनाच्या बळावर निदान गाणे संपेपर्यंत नात्यातली वरचढ होई.

५

‘ऐका दाजीबा’ने हे संबोधन सभेतून उचलून चित्रफितीत नेले. या स्थलांतराचा भाषिक परिणाम काय झाला? बैठकीच्या लावणीत हाक ज्याला मारली तो समोर बसलेला असतो. ध्वनिमुद्रिकेत तो अदृश्य होतो. प्रत्येक ऐकणारा स्वतःला तो समजू शकतो. चित्रफितीत तो पुन्हा दिसू लागतो, पण पडद्यावर. हाक त्याला मारलेली असते आणि प्रेक्षक ती बाजूने ऐकतो. पुढे हेच गाणे लग्नात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत मोठ्या आवाजात वाजू लागते तेव्हा चौथीच अवस्था येते. नाचणारे सर्वजण ‘ऐका’ असे म्हणत असतात आणि ऐकणारा कोणीच नसतो. आज्ञा उरते, आज्ञापालन उरत नाही. संबोधनाचा ठेका होतो.

परभाषकाच्या बाबतीत ही अवस्था आरंभापासूनच असते. ‘ऐका’ या शब्दाचा अर्थ हिंदीभाषकाला उलगडत नाही. त्याच्या भाषेत तेथे ‘सुनो’ किंवा ‘सुनिए’ येईल. मराठीत ‘ऐ’ हा संयुक्त स्वर आहे, तर प्रमाण हिंदीत तो बहुधा एकस्वर म्हणून उच्चारला जातो. तेव्हा उच्चारही थोडा परका. ‘दाजीबा’चे मात्र तसे नाही. मराठीत ‘ज’चे दोन उच्चार आहेत : ‘जग’मधला दन्ततालव्य आणि ‘जीव’मधला तालव्य. पहिला हिंदीभाषकाला अवघड. दुसरा त्याच्या ओळखीचा. ‘दाजी’मध्ये ‘ज’नंतर ‘ई’ असल्याने तो तालव्यच उच्चारला जातो. द, ज, ब ही तिन्ही व्यंजने घोष आहेत आणि जिभेच्या दातांवरील स्पर्शापासून ओठांपर्यंत ती तीन निराळ्या स्थानी उत्पन्न होतात. स्वर विवृत, संवृत आणि पुन्हा विवृत. ‘दाजिबा’ असे ऱ्हस्व लेखनही आढळते. तथापि गाताना हा स्वर लांबविता येतो. तीन दीर्घ अक्षरे, शेवटी मोकळा ‘आ’ : हाक मारण्यास आणि समूहाने म्हणण्यास याहून सोयीचा शब्द क्वचित सापडेल.

‘बोलो ता रा रा’मधील ‘ता रा रा’ ही अक्षरे कोणत्याच भाषकाला अर्थ देत नाहीत. तेथे सर्व श्रोते समान आहेत. ‘दाजीबा’ मात्र काहींना नाते होते व काहींना केवळ नाद. आणखी एक तुलना उपयोगी पडेल. ‘जत्रा’ या २००६ सालच्या चित्रपटातील, आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायिलेले अजय–अतुल यांचे ‘कोंबडी पळाली’ हे गीत २०१२ मध्ये ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटात श्रेया घोषाल यांच्या आवाजात ‘चिकनी चमेली’ झाले. तेथे चाल प्रवासाला निघाली आणि शब्द घरी राहिले. ‘कोंबडी पळाली’ हे विधान आहे; विधान कळावे लागते, आणि न कळले तर बदलावे लागते. हाक न कळताही ऐकू येते. एका जोडीवरून नियम सांगता येणार नाही. चित्रपटाच्या गरजा निराळ्या असतात, हेही खरे. पण तपासण्याजोगे गृहीतक यातून निश्चित मिळते : लोकप्रिय गीतांत भाषेची सीमा ओलांडताना संबोधने टिकतात आणि विधाने बदलतात.

६

हे गृहीतक तपासण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. कल्याण–कर्जत लोहमार्गावरील बदलापूरजवळची सोनिवली घ्या. हा मूळचा आगरी व कुणबी वस्तीचा प्रदेश. आगरी बोलीत भावाला ‘दादूस’ म्हणतात आणि स्त्रीला हाक मारताना देशावरील ‘गं’च्या जागी ‘गो’ येतो. मुंबईत कामाला जाणारी देशावरची, खानदेशातली आणि विदर्भातली कुटुंबे गेल्या काही दशकांत या पट्ट्यात स्थायिक झाली. काही स्थानके अलीकडे फाळणीनंतर वसलेले उल्हासनगर आहे. तेथील सिंधीभाषकाच्या तोंडी ‘ऐका’ऐवजी ‘बुधो’ येईल. हळदीच्या रात्री या सर्वांच्या कानांवर एकच गाणे पडते. त्यांपैकी सातारा–कोल्हापूरकडून आलेल्याला ‘दाजी’ हे स्वतःच्या घरातले नाते वाटेल. ज्याच्या घरी ‘भावोजी’ म्हणतात त्याला ते गाण्यातून शिकलेले नाते वाटेल. आणि ज्याच्या घरी मराठीच नाही त्याला ते एखाद्या माणसाचे नाव वाटेल. एका गावाच्या हद्दीत एका शब्दाचे तीन अर्थ, तीन अंतरांवर उभे असलेले. एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी दहा-दहा घरांत जाऊन बहिणीच्या नवऱ्याला कोण काय म्हणतो, त्याच्याशी ‘तू’ वापरतात की ‘तुम्ही’, आणि थट्टा कोणत्या रूपात करतात, एवढे जरी टिपून आणले तरी सहामाही प्रबंधिकेची सामग्री जमेल.

ही सामग्री आत्ताच जमविणे निकडीचे आहे. शहरी मराठी घरांत ‘दाजी’ आणि ‘भावोजी’ या दोहोंची जागा ‘जीजू’ हा शब्द घेऊ लागला आहे. शब्द हिंदीतून आला म्हणून हळहळण्याचे कारण नाही. मराठीने नात्यांचे शब्द पूर्वीही बाहेरून घेतले आहेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. ‘दाजी’बरोबर ‘तुम्ही’ आणि ‘ऐका’ येत असे. ‘जीजू’बरोबर पुष्कळदा ‘तू’ आणि ‘ऐक ना’ येते. म्हणजे शब्द बदलताना त्याला जोडलेले क्रियापदही बदलते, आणि मान राखून चिडविण्याची जी सूक्ष्म व्यवस्था वर सांगितली ती विस्कटते. त्याच्या जागी उघड बरोबरी येते. ती समाजाच्या दृष्टीने कदाचित इष्टच असेल. सर्वच अंतरे राखण्याच्या योग्यतेची नसतात. परंतु काय गेले आणि त्याच्या जागी काय आले, याची नोंद करणे हे आपले काम आहे आणि ते दुसरे कोणी करणार नाही.

अशा वेळी ‘ऐका दाजीबा’सारखे गीत शब्द जतन करते, असे आपण समाधानाने म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. गीत शब्दाचा नाद जपते. शब्दाचा अधिकार जपू शकत नाही. ज्या घरात कोणी कोणाला दाजी म्हणत नाही, त्या घरातली मुलगी हे गाणे तोंडपाठ म्हणेल, त्यावर उत्तम नाचेल, पण या दोन शब्दांनी तिला मिळणारी मुभा तिच्या हाती येणार नाही. नात्याचा शब्द जिवंत राहतो तो, त्याला ‘ओ’ देणारा कोणी असतो तेव्हाच. म्हणून गीताचा अभ्यास गीतापाशी थांबवून चालणार नाही. ज्या ओसरीवरून तो शब्द गीतात आला, त्या ओसरीवर तो आज ऐकू येतो काय, हे जाऊन पाहिले पाहिजे.